गफ्फारभाईंची कसम

आपला मतदारसंघ समुद्रकाठचा आहे, असं अब्दुल गफ्फार यांनी जिल्हा परिषदेच्या भर सभेत सांगितलं, तेव्हा अकोल्याच्या त्या सभागृहात हशा पिकला. सगळेच हसले. अध्यक्ष हसले, विरोधक हसले, चहाचे कप गोळा करणारा शिपाईसुद्धा भिंतीकडे तोंड करून हसला. बाळापूर तालुक्यातलं मांडवखेड आणि आजूबाजूची पूर्णा नदीकाठची चौदा गावं, एवढा गफ्फारभाईंचा मतदारसंघ. तिथल्या माणसांनी समुद्र पाहिला तो टीव्हीवर, नाहीतर हजला जाताना विमानाच्या खिडकीतून.

गफ्फारभाई काही खाली बसले नाहीत. "हसा," ते म्हणाले. "पन समुद्र हाय आमच्या इथं. फक्त जमिनीखाली हाय. कोनाले खोटं वाटत असन तं माह्या घरी या अन् एक गिलास पानी पेऊन दाखवा."

झालं होतं असं की, समुद्रकाठच्या गावांना खारं पाणी गोडं करून देण्याची एक सरकारी योजना निघाल्याचं त्यांनी पेपरात वाचलं होतं. कोकणातली बातमी म्हणून वऱ्हाडातल्या दुसऱ्या कुणीही पान उलटलं असतं. गफ्फारभाईंनी अर्ज केला. तीन महिन्यांनी उत्तर आलं की, सदर गावे समुद्रकिनाऱ्यापासून सुमारे साडेचारशे किलोमीटर अंतरावर असल्याने किनारपट्टी या व्याख्येत बसत नाहीत. ते पत्र त्यांनी खिशात ठेवलं आणि पुढे प्रत्येक सभेत वाचून दाखवलं. लोक आधी हसायचे, हसता हसता चिडायचे, आणि माणसं चिडली की सभा रंगते हे गफ्फारभाईंना पक्कं ठाऊक होतं. हाडाचा पुढारी तो.

पण बोलणं खोटं नव्हतं. पूर्णाकाठच्या त्या पट्ट्यात विहीर खणा, बोअर मारा, दोनशे फूट जा नाहीतर चारशे फूट जा, पाणी लागतं ते खारटच. खारपाणपट्टा म्हणतात त्याला. डाळ शिजायला अर्धा दिवस, साबणाला फेस नाही, चहात दूध घालावं तर फाटतं. टँकर यायचा तो मनात आलं तर. आणि दर दोन-चार घरांआड एक तरी माणूस असा, की ज्याचे पाय सुजलेत आणि ज्याला अकोल्याचा डॉक्टर किडनीचं नाव सांगतोय. पाण्यानंच झालं असं कुठलाही डॉक्टर लिहून देत नाही. गावाला लिहून घ्यायची गरजही नव्हती.

मोतीराम इंगळेचा धाकटा भाऊ त्याच आजारात गेला. मोतीराम म्हणजे गफ्फारभाईंचा शाळेपासूनचा दोस्त, ग्रामपंचायतीत मेंबर, आणि निवडणूक असो की मयत, गफ्फारभाईंच्या खांद्याला खांदा लावून उभा राहणारा माणूस. भाऊ गेल्याच्या आठव्या दिवशी बाजारात पाण्यासाठी सभा झाली. मोतीराम बोलायला उभा राहिला आणि त्याच्याच्यानं बोलवेना. तेव्हा गफ्फारभाईंनी त्याच्या हातातला माईक घेतला.

"अल्लाची कसम घेऊन सांगतो," ते म्हणाले, "या गावच्या नळाले गोडं पानी येत नाई, तोवर मी अन् माहं घर गोड्या पान्याचा थेंब तोंडाले लावनार नाई. गावात असो, अकोल्यात असो का मुंबईत असो."

हे त्यांनी मनापासून म्हटलं होतं. हे नीट ध्यानात ठेवा, कारण पुढचं ऐकून तुम्ही म्हणाल की माणूस मुळातच लबाड. तो लबाड नव्हता. मोतीरामचा चेहरा समोर होता. त्या घटकेला त्यांनी जीवही देतो म्हटलं असतं.

घरी हलीमाबीनं ते शेजारणीकडून ऐकलं. हलीमाबीचं माहेर हिवरखेडचं, सातपुड्याच्या पायथ्याजवळचं, गोड्या पाण्याचं. त्या घरात उर्दूपेक्षा वऱ्हाडीच जास्त, म्हणून ती नवऱ्याशीही वऱ्हाडीतच बोलायची. टँकर येई तेव्हा दोन घागरी गोडं पाणी ती राखून ठेवी, तेवढंच काय ते तिचं माहेरचं सुख. गफ्फारभाई आले तेव्हा तिनं त्या दोन्ही घागरी शेजारणीला देऊन टाकल्या होत्या.

"गजालाले सोडा," ती म्हणाली. गजाला त्यांची एकुलती एक मुलगी, अमरावतीला नर्सिंग शिकत होती. "पोरगी परक्याची अमानत हाय. माहं घर म्हनले ना तुमी? मंग घर म्हनजे मीच झाली."

गफ्फारभाईंना तेव्हा बायकोचा अभिमान वाटला. माणूस तेवढाच भोळा असतो.

त्यांची स्वतःची कसम बारा दिवस टिकली. तेराव्या दिवशी अमरावतीला पाणीटंचाईची बैठक होती. मे महिना, पंचेचाळीस अंश ऊन, बैठकीच्या खोलीतली वीज गेलेली, आणि गफ्फारभाईंनी घरून नेलेली खाऱ्या पाण्याची बाटली बडनेऱ्यालाच संपलेली. दुपारी दोनच्या सुमारास त्यांना घेरी आली. पहिली बाटली कुणी तोंडाला लावली ते त्यांना कळलं नाही. दुसरी मात्र त्यांनी मागून घेतली.

कसम मोडली होती, आणि ती कुणाच्या नावानं घेतली होती हे परत येताना गाडीत त्यांना पुन्हा पुन्हा आठवत होतं. दुसऱ्या दिवशी ते अकोल्याला एका म्हाताऱ्या मौलानांकडे गेले. मौलानांनी सगळं ऐकून घेतलं आणि रागावले नाहीत.

"कसम तुटली तर तिचा कफ्फारा आहे," ते म्हणाले. "दहा गरिबांना दोन वेळचं पोटभर जेवू घाला. दिलातून तौबा करा. अल्ला माफ करणारा आहे."

"अन् माही बीबी? ते बी पाळून राहिली."

"तिनं स्वतः कसम घेतली?"

"नाई. मीच म्हनलो, मी अन् माहं घर."

"कसम घेईल त्याचीच असते, गफ्फारमियां. दुसऱ्याच्या गळ्यात ती आपोआप पडत नाही. ती मोकळीच आहे. पण तिला ठाऊक नाही ना? आजच जाऊन सांगा."

गफ्फारभाईंनी त्याच दिवशी स्टेशनजवळच्या खाणावळीत दहा माणसं बसवली. दुपारी डाळ-भात, संध्याकाळी पुन्हा तीच माणसं शोधून आणून रोटी-सालन. त्यातल्या एका आंधळ्या म्हाताऱ्यानं डोक्यावर हात ठेवून दुवा दिली. किती हलकं वाटलं त्यांना! घरी जाऊन हलीमाला सांगायचं, दोघांनी मिळून एकेक गिलास गोडं पाणी प्यायचं, आणि लोकांना खरं काय ते सांगून मोकळं व्हायचं, असं ठरवूनच ते मांडवखेडला पोचले.

अंगणात गर्दी होती. पलीकडच्या गावातल्या बाया आल्या होत्या, मोतीराम होता, आणि बाळापूरहून एक पेपरवाला कॅमेरा घेऊन आला होता. मधोमध खाटेवर हलीमाबी पदर सावरून बसली होती आणि पेपरवाल्याच्या सांगण्यावरून खाऱ्या पाण्याचा गिलास ओठाला लावत होती. बाया तिच्याकडे अशा पाहत होत्या, जसं दर्ग्यात पाहावं. मोतीरामच्या डोळ्यांत पाणी होतं.

"भाऊ," तो म्हणाला, "आता पानी आल्याबिगर राहत नाई. कोनी आपल्याले खोटं म्हनू शकत नाई आता."

गफ्फारभाईंनी आठ दिवस थांबायचं ठरवलं. फोटो छापून येऊ दे, गरमागरमी ओसरू दे, मग सांगू. त्या आठ दिवसांची नऊ वर्षं झाली.

खोटं असं ते कधी बोलले नाहीत. फक्त सांगितलं नाही. अकोल्यात, अमरावतीत, मुंबईत ते सगळ्यांसारखं पाणी पीत. मांडवखेडच्या शिवेत शिरले की खारं. विचारायची वेळ कुणावर आली नाही, कारण लोकांना पुरावा पाहिजे असला की ते हलीमाबीकडे पाहत. दुसऱ्या निवडणुकीत समोरचा उमेदवार तगडा होता, गाड्याबिड्या घेऊन फिरत होता. गावोगावच्या बाया म्हणाल्या, भाऊ काय करते ते जाऊ द्या, भाभी खारं पानी पेऊन राहिली ना? गफ्फारभाई निवडून आले. हार घालून घेताना त्यांना कळत होतं की हा हार कुणाचा आहे.

हलीमाबीनं जे धरलं ते धरलं. भाची अमरीनच्या शादीला हिवरखेडला गेली तर सोबत पाच लिटरची पांढरी कॅन, मांडवखेडच्या बोअरच्या पाण्यानं भरलेली. ज्या माहेरात लहानपणी विहिरीवर ओंजळी भरभरून पाणी प्यायली, तिथं ही बाई कॅन घेऊन बसली. भावजय चिडली. "लोक काय म्हनतीन? नणदेले पानी बी नाई देल्लं म्हनतीन!" हलीमाबी हसली आणि कॅन खाटेखाली सरकवली. रमजानमध्ये गफ्फारभाई अकोल्याच्या इफ्तार पार्ट्यांत गुलाबी सरबत पीत असत, तेव्हा ती घरी खजुराच्या एका फोडीवर आणि खाऱ्या पाण्याच्या घोटावर रोजा सोडी. फक्त एक सवलत तिनं घेतली. गावातला कुणी हाजी परत आला आणि त्यानं मक्केहून आणलेलं जमजमचं पाणी वाटलं, तर ती घोटभर घेई. "ते अल्लाच्या घरचं," ती म्हणे, "त्याले आपली कसम नाई लागत." तो घोट ती बराच वेळ तोंडात धरून ठेवी.

सातव्या वर्षी तिचे पाय सुजले. पुढे चेहरा सुजला. अकोल्याच्या डॉक्टरांनी कागद पाहून गफ्फारभाईंना बाजूला बोलावलं आणि विचारलं, "इतके दिवस काय करत होता?"

आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं. पहिल्याच दिवशी मशीनला जोडताना हलीमाबीनं हात मागे घेतला आणि सिस्टरला विचारलं, "बाई, या मशीनमंधी पानी कुठलं हाय?" सिस्टरनं सांगितलं, इथलंच, शुद्ध केलेलं, एकदम गोडं. हलीमाबी उठून बसली. गजाला तोवर अमरावतीच्या एका दवाखान्यात नोकरीला लागली होती. ती धावत आली होती. तिनं कपाळावर हात मारला. "अम्मी, ते पानी तू पेत नाईस! ते रक्त धुते फक्त!" हलीमाबीनं नवऱ्याकडे पाहिलं. गफ्फारभाई म्हणाले, "बरोबर हाय ते. पोटात नाई जात." मग ती निजली.

त्या घटकेला सांगायला काय हरकत होती? मुलगी समोर होती, मशीन समोर होतं. एका वाक्याचं काम होतं. पण त्या एका वाक्यामागे सात वर्षं उभी होती, आणि वाक्य ओठावर आलं की ती सातही वर्षं त्यांच्या तोंडावर हात ठेवत.

डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलं. दिवसाकाठी चहा धरून तीन गिलास. तेवढं तरी गोडं पी म्हणून गजाला हातापाया पडली. "तीन गिलास तं पेतो आता," हलीमाबी म्हणाली. "एवढ्यासाठी काहून मोडू? नळ येऊन राहिला ना. तुहे अब्बा लागले हायेत मागे." गजाला बापाकडे वळली. "अब्बा, तुमी सांगा. तुमचीच कसम हाय. सोड म्हना." गफ्फारभाई म्हणाले, "सोड आता, हलीमा." ते ज्या आवाजात म्हणाले, त्या आवाजात म्हटलेलं कुणी ऐकत नसतं. हलीमाबीनंही ऐकलं नाही.

आणि मग ते खरंच मागे लागले. सातपुड्याच्या धरणातून मांडवखेडपर्यंत चौऱ्याऐंशी किलोमीटर पाइप टाकायचा होता. मंजुरी आली होती, काम रखडलं होतं. जंगलखात्याची परवानगी, रेल्वेच्या रुळांखालून पाइप न्यायची परवानगी, ठेकेदार पळालेला, एका शेतकऱ्यानं वावरातून चर खोदू देणार नाही म्हणून आडवा लावलेला ट्रॅक्टर. गफ्फारभाई त्या वावराच्या बांधावर तीन दिवस बसून राहिले, शेवटी त्या शेतकऱ्याच्या म्हाताऱ्या आईनंच पोराला झापलं आणि चर खोदायला लावला. साहेबांच्या दारात ते सकाळी पहिले आणि संध्याकाळी शेवटचे. पेपरात आलं, असा लोकप्रतिनिधी होणे नाही. विरोधकांनीही दाद दिली. बायकोच्या आजारानं माणूस पेटून उठला, असं लोक म्हणत. कुणाला काय ठाऊक की बायकोजवळ बसून एक गोष्ट कबूल करण्यापेक्षा त्याला चौऱ्याऐंशी किलोमीटर पाइप टाकणं सोपं वाटत होतं. नळ आला की कसम आपोआप फिटणार, मग सांगायचं काही उरणारच नाही, हा त्यांचा हिशेब. त्या हिशेबापायी हलीमाबी आणखी दोन वर्षं तेच पाणी प्यायली.

पाइप आला. टाकी बांधून झाली. मंत्र्यांच्या हस्ते नळ उघडायची तारीख ठरली, मग पुढे गेली, मग आणखी पुढे गेली. तोवर हलीमाबीचं अंग मशीन सोसेनासं झालं. डॉक्टरांनी गजालाला सांगितलं की आता घरी न्या, त्यांना जे आवडतं ते करू द्या. याचा अर्थ गजालाला कुणी समजावून सांगायला नको होता. तिनं रजा टाकली आणि आईला मांडवखेडला घेऊन आली.

मंत्री येणार शुक्रवारी. सोमवारी दुपारी इंजिनिअरनं चाचणीसाठी पाणी सोडलं. चौकातल्या नळातून आधी हवा निघाली, मग गाळ, आणि मग स्वच्छ पाणी. गावानं मंत्र्यांची वाट पाहिली नाही. ज्याच्या हाती जे लागलं ते घेऊन लोक धावले. मोतीरामनं मात्र पहिला तांब्या भरून घेतला आणि कुणालाही तोंड लावू न देता गफ्फारभाईंच्या घरी आणला. त्याच्यामागे अर्धं गाव अंगणात येऊन उभं राहिलं.

"भाऊ, भाभीले द्या आधी," तो म्हणाला. त्याच्याच्यानं पुढे बोलवलं नाही. नऊ वर्षांपूर्वी माईकसमोर बोलवलं नव्हतं तसंच.

गफ्फारभाईंनी तांब्या घेतला, आत गेले आणि दार लोटून घेतलं. गजाला आईच्या उशाशी होती. "तू जराशी बाहेर थांब, बेटा," ते म्हणाले. ती त्यांच्याकडे पाहत बाहेर गेली.

हलीमाबी भिंतीला टेकून अर्धवट बसली होती. चेहरा पांढरा पडला होता, पण डोळे जागे होते. गफ्फारभाईंनी तांब्यातलं पाणी वाटीत ओतलं, चमचा घेतला आणि तिच्याजवळ खाटेवर बसले. हे पाणी तिच्या तोंडात पडलं की सगळं संपलं. नऊ वर्षं ज्यासाठी धावलो तो क्षण हाच, असं त्यांना वाटायला हवं होतं. पण चमचा उचलवेना. तिनं कशासाठी जीव झिजवला हे तिला कळू न देताच तिला पाणी पाजायचं, हे त्यांच्या हातून होईना.

"काय झालं?" हलीमाबी म्हणाली. "द्या ना."

"हलीमा, मले काही सांगाचं हाय."

"सांगा मंग."

"मी पेत होतो," ते म्हणाले. "गोडं पानी. बाहेर गेलो का पेत होतो. पहिल्याच महिन्यापासून. तू इथं खारं पेत होतीस अन् मी..." आणि नऊ वर्षांत जे झालं नव्हतं ते झालं. गफ्फारभाई रडायला लागले. सभा गाजवणारा, साठीला आलेला माणूस बायकोजवळ बसून ढसाढसा रडत होता.

हलीमाबीनं त्यांना रडू दिलं. मग म्हणाली, "मले मालूम हाय."

त्यांनी वर पाहिलं.

"तुमी अमरावतीहून आले ना, त्या मीटिंगीहून? दुसऱ्या दिवशी सकाळी चहा देल्ला मी. पहिला घोट घेतला अन् तुमचं तोंड वाकडं झालं. आदल्या आठवड्यात होत नव्हतं. रोज खारं पेनाऱ्याचं तोंड वाकडं होत नाई, गजालाचे अब्बा. बाहेर गोडं पेऊन येते त्याचंच होते. मी हिवरखेडहून आली होती ना, मले मालूम हाय ते."

"मंग बोलली काहून नाईस?"

"काय बोलू? तुमी उन्हातान्हात फिरून राहिले. तिथं खारं पानी कुठून भेटनार तुमाले? प्यावंच लागे." ती थोडी दम खायला थांबली. "पन कसम अल्लाच्या नावाची होती. माहा जीव घाबरे. म्हनलं, तुमच्या डोक्यावर हे वझं राहिलं तं उद्या अल्लापुढं तुमाले जवाब द्यावा लागन. एक शब्द होता, मी अन् माहं घर. आर्धा तुमच्याच्यानं नाई झाला. आर्धा मी पाळला, तं तुमची आर्धी तरी माफी होईन. म्हनून नाई सोडली मी. गजाला म्हने सोड, डॉक्टर म्हने सोड. त्याइले काय सांगू, माहा मालक कसम मोडून बसला म्हनून?"

गफ्फारभाईंना तेव्हा कुठे कळलं. लोकांसाठी नाही, नळासाठी नाही, पेपरातल्या फोटोसाठी नाही. त्यांच्यासाठी! जो गुन्हा त्यांनी चौदाव्या दिवशी स्टेशनजवळच्या खाणावळीत दहा माणसांच्या ताटांवर धुऊन टाकला होता, त्या गुन्ह्यापायी ही बाई नऊ वर्षं स्वतःला खारवत राहिली होती. त्यांना मौलानांचा शब्द आठवला, आजच जाऊन सांगा. तेवढं एकच काम त्या माणसानं सांगितलं होतं.

बाहेर लोकांचा आवाज येत होता. कुणी तरी ओरडून इंजिनिअरला आणखी जोरात पाणी सोडायला सांगत होतं. हलीमाबी त्यांच्याकडे पाहत होती, आणि तिच्या मनात काही तरी घोळत होतं.

"एक विचारू?" ती म्हणाली. "याच्यावर काही इलाज असते का हो? कसम मोडली तं? लहानपणी अब्बाइकडून आयकल्यासारखं वाटते मले, काही तरी असते म्हनून. इकडं पडल्या पडल्या तेच मनात येते. तुमी कधी कोनाले विचारलं नाई ना? कोन्या मौलानाले?"

तिच्या आवाजात भीती होती. नऊ वर्षांत गफ्फारभाईंनी तिला कशालाही घाबरताना पाहिलं नव्हतं. ती सुईला घाबरली नव्हती, मशीनला घाबरली नव्हती, मरणालाही नाही. या एका प्रश्नाच्या उत्तराला ती घाबरत होती.

खरं सांगायचं म्हणूनच तर ते दार लोटून बसले होते. खरं सांगितलं असतं तर ते मोकळे झाले असते, जसे त्या दिवशी खाणावळीतून मोकळे होऊन बाहेर पडले होते.

"नाई," गफ्फारभाई म्हणाले. "कोनाले नाई विचारलं."

हलीमाबीनं डोळे मिटले आणि मोठा श्वास सोडला. तिच्या चेहऱ्यावरचा ताण गेला.

"मंग बरं झालं मी पाळली," ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं, "द्या आता पानी. आता तुमी बी सुटले."

गफ्फारभाईंनी चमचा भरला.